घाट चढणारं हेड

सकाळी 8.30
नारायणगाव, पुणे–नाशिक रस्ता. गॅरेजचं शटर वर जातं. आत बॉनेट उघडून ठेवलेली महिंद्रा एमएम 540. प्यूजोचं डिझेल इंजिन, चार सिलिंडर, 2112 सीसी. घोडेगावकडून भीमाशंकरला चढताना गाडी तापली, पाणी ऑइलमध्ये उतरलं. ऑइल ताकासारखं पांढरट झालंय. सिलिंडर हेड काल रात्रीच उतरवलं.

9.15
हाताखालचा पोरगा डिझेलनं हेड धुतो. त्याचा रोज 400 रुपये. काजळी लाकडी पट्टीनं काढायची, पटाशी लावायची नाही. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की गॅस्केट तिथूनच फुटतं.

10.40
बाकावर तीन हेडं. गाडीचं मूळचं, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं आणि खोक्यातलं कोरं. गाडीमालकाचं मन कोऱ्यावर.
"दादा, चकाकी नका बघू. पट्टी बघा."
मिस्त्री मूळ हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवतात, मग तिरपी. खाली फीलर गेजचं पान सरकवतात. मधल्या दोन सिलिंडरांपाशी पान आत शिरतं. हेड वाकलंय. फेसिंगनं वाक निघेल, पण जितकं तासाल तितके व्हॉल्व पिस्टनजवळ येतात. चारी कोपऱ्यांची जाडी मोजून ते खडूनं फरशीवर लिहितात. अजून माल शिल्लक आहे.

12.00
प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटा रबर लावून बंद केल्या, एका भोकातून हवा सोडली, हेड गरम पाण्यात. जुन्या बाजारातल्या हेडला दोन व्हॉल्वांच्या मधून बुडबुडे. तडा आहे, बाद. कोऱ्यातून हवा येत नाही, पण एक व्हॉल्व गाइड ढिलं. व्हॉल्व बोटानं हलतो. मूळ हेडातून एक बुडबुडा नाही. तेच बसवायचं ठरतं.

दुपारी 2.15
भाकरी खाऊन हेड लेथवाल्याकडे. फेसिंगचे 700 रुपये, रिक्षाचे 60.

4.30
व्हॉल्वला पेस्ट लावून दांडीनं घासणं. आठ व्हॉल्व, दोन्ही तळहातांत दांडी, मागं-पुढं. मधेच उचलून पुसायचं, सीटवर करडी कडा सलग उमटली का बघायचं. तळहात लाल होतात. मग पोर्टमध्ये डिझेल ओतून थांबायचं. एका व्हॉल्वखाली ओल दिसते. पुन्हा पेस्ट.

7.00
नवं गॅस्केट. नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं.

8.20
इंजिन लागतं. मालक मजुरीचे 3,500 मोजतो, 500 उद्यावर ठेवतो.
"घाटात लगेच नका घालू. थोडी चालवून आणा, हेडचे नट परत ओढायचेत."
"त्याचे वेगळे?"
"नाही, दादा. ते यातच."