न दिसलेला पेला

पॉट्सव्हिलचा महंटाँगो स्ट्रीट एकदा पायी चढायचा, हे मी कितीतरी वर्षं मनाशी धरून होतो. पेनसिल्व्हेनियातल्या अँथ्रासाइट कोळशाच्या पट्ट्यातलं हे गाव. बाजारपेठेतून निघालेला रस्ता थेट टेकडीच्या अंगावर जातो. चढणीवर १८२९ मध्ये सुरू झालेल्या यिंगलिंगचा बिअरचा कारखाना आणि त्याच्या थोडं वर ६०६ क्रमांकाचं घर. लेखक जॉन ओहाराच्या त्या घरासमोर धापा टाकत उभा राहिलो, तेव्हा पिशवीत त्याची ‘अपॉइंटमेंट इन समारा’ ही कादंबरी होती. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेली आणि दोनदा बांधून घेतलेली माझी जुनी प्रत!

ओहाराचा जन्म १९०५ चा. वडील गावातले नामांकित डॉक्टर. १९२५ मध्ये ते गेले आणि पैशांची घडी विस्कटली. मुलाचं येल विद्यापीठात जायचं राहिलं ते राहिलंच. पुढे वर्तमानपत्रं, न्यूयॉर्क, ‘न्यू यॉर्कर’मध्ये दोनशेहून अधिक कथा. ‘अपॉइंटमेंट इन समारा’ ही त्याची पहिली कादंबरी, १९३४ ची. तिच्यात पॉट्सव्हिलचं गिब्सव्हिल झालं आणि महंटाँगोचा लँटेनेंगो स्ट्रीट.

आता मला खरं जे सांगायचंय ते. १९३० चा नाताळ आहे. मंदी दाराशी आलेली, दारूबंदी चालू आणि तरीही कंट्री क्लबात पेल्यांवर पेले रिकामे होताहेत. तिशीतला ज्युलियन इंग्लिश, डॉक्टरांचा मुलगा, कॅडिलॅक गाड्यांचा विक्रेता, एका टेबलाशी बसून हॅरी रायलीच्या गोष्टी ऐकतोय. रायली आयरिश कॅथलिक, नव्या पैशाचा माणूस. ज्युलियनने त्याच्याकडून वीस हजार डॉलर्स उसने घेतलेत. हातातला पेला त्याच्या तोंडावर फेकावा, असं ज्युलियनच्या मनात येतं. का फेकू नये, याची कारणंही तो मनातल्या मनात मोजतो: कर्ज आहे, शिवाय आपल्या बायकोवरून त्याच्यावर जळतो म्हणतील. इथे ओहारा प्रसंग तोडतो. आपण बाहेर, नाच चाललाय तिथे येतो. तेवढ्यात आतून एकजण येऊन सांगतो, इंग्लिशने रायलीच्या तोंडावर पेला फेकला!

फेकलेला पेला वाचकाला दिसतच नाही. पहिल्या वाचनात मी पानं मागे उलटून शोधली होती, माझ्याच प्रतीतलं पान गळालं की काय म्हणून. आज मला वाटतं, अख्ख्या कादंबरीचं मर्म त्या गाळलेल्या जागेत आहे. पत ही माणसाच्या अंगात नसते, चार लोकांच्या बोलण्यात असते. म्हणून तिचा कडेलोटही आपल्याला लोकांच्या तोंडूनच कळतो. बर्फाचा खडा लागून रायलीचा डोळा काळानिळा झालाय, हेसुद्धा बातमी म्हणूनच येतं.

प्रतिष्ठेची ही उतरंड ओहाराइतकी बारकाईने क्वचितच कुणी टिपली असेल. कादंबरी उघडते ती ज्युलियनच्या घरी नव्हे, त्याच्याकडे नोकरी करणाऱ्या ल्यूट फ्लीगलरच्या घरी. नाताळच्या पहाटे त्याची बायको अंथरुणात पडल्यापडल्या विचार करते: आपण लँटेनेंगो स्ट्रीटवर राहतो, क्लबाचं सभासदत्व अजून नाही, आणि शेजारी ज्यू कुटुंब आलंय. चार-दोन पानांत गाव कळतं. बाहेरच्या कुणाला हे जमलं नसतं. येल हुकल्याचा सल आयुष्यभर बाळगणाऱ्या डॉक्टरच्या मुलालाच ते जमलं.

पुढच्या दोन दिवसांत ज्युलियन तोल सावरू शकत नाही. बेकायदा दारूचा धंदा करणाऱ्या एड चार्नीच्या मैत्रिणीला भर लोकांत तो बाहेर घेऊन जातो. दुसऱ्या एका क्लबात एका हाताच्या युद्धसैनिकाशी मारामारी करतो. शेवटी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवतो. काळजाला लागते ती पुढची गोष्ट. गावातल्या धर्मगुरूंनी खुद्द त्याआधीच कबूल केलेलं असतं की रायलीचा त्यांनाही वैताग येतो. आणि रायली? ज्युलियनचा माझ्यावर लोभ होता, नाहीतर त्याने माझ्याकडून पैसे घेतलेच नसते, असं तो नंतर म्हणतो. गाव क्षमा करायला तयार होतं. ज्युलियनला ते दिसलं नाही.

कादंबरीचं नाव सॉमरसेट मॉमच्या ‘शेपी’ नाटकातल्या गोष्टीवरून घेतलेलं. बगदादच्या बाजारात मृत्यूला पाहून घाबरलेला नोकर समाराला पळतो, आणि मृत्यूची त्याच्याशी गाठ ठरलेली असते ती समारातच. आपल्याकडे गरुड एका पाखराला यमाच्या नजरेपासून वाचवायला दूर नेऊन ठेवतो, ती गोष्ट हीच. मात्र ओहाराच्या कादंबरीला दैवाची गोष्ट म्हणणं मला पटत नाही. ज्युलियनला समाराकडे कुणी ढकललं नाही. तो तिथे स्वतःची कॅडिलॅक चालवत गेला.

कादंबरी हाती आली तर क्लबातला तो प्रसंग सावकाश वाचा, आणि प्रसंग तुटतो तिथे क्षणभर थांबा.