जुन्या ओबीएमचा कार्ब्युरेटर: पेचकस हाती घेण्यापूर्वी आणि नंतर

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारीबंदीचे ६१ दिवस संपत आले की किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या होड्यांची इंजिने बाहेर येतात. होडीच्या पाठीमागे टांगायचे हे यंत्र आपल्याकडे ‘ओबीएम’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखले जाते. दोन महिने निजलेले जुने टू-स्ट्रोक इंजिन पहिल्या ओढीला सुरू होते, दोन मिनिटे चालते आणि वेग वाढवताच गुदमरून बंद पडते. धक्क्यावर हे घडले तर केवळ मनस्ताप होतो. नदीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना घडले तर होडी आडवी होते आणि माणसे पाण्यात पडतात.

दोष बहुधा कार्ब्युरेटरवर ढकलला जातो. तो दर वेळी खरा नसतो. इंजिन गुदमरत असताना इंधननळीवरचा रबरी फुगा दाबून पाहावा. दाबताच ते सावरले, तर इंधन मुळातच कमी पोहोचत आहे. टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र बंद असेल, नळीच्या जोडातून हवा शिरत असेल, गाळणी तुंबली असेल किंवा पंपाचा पडदा फाटला असेल. चोक किंचित ओढल्यावर सुधारणा झाली आणि फुगा दाबून काहीच फरक पडला नाही, तर मात्र जेट तुंबल्याचा संशय बळकट होतो. तत्पूर्वी प्लगची ठिणगी आणि सिलिंडरचा दाब तपासलेला असावा. दाब गेलेल्या इंजिनाचा कार्ब्युरेटर कितीही घासला तरी उपयोग नाही.

कार्ब्युरेटरचे कार्य साधे आहे. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे तिचा दाब उतरतो आणि खालच्या वाटीतील इंधन जेटच्या छिद्रातून वर ओढले जाते. वाटीतील पातळी फ्लोट सांभाळतो. पातळी वाढली की तो सुईवजा झडप वर दाबून आवक बंद करतो. मंद गतीचे इंधन स्लो जेटमधून येते, वेगाचे मेन जेटमधून. स्लो जेटचे छिद्र अत्यंत बारीक असल्याने आधी तेच तुंबते. म्हणून जुनी इंजिने पुष्कळदा भरवेगात ठीक चालतात, पण जाळे टाकताना गती मंद केली की बंद पडतात.

खोलण्याचे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवावा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. जोर लावल्यास त्याचे टोक चेपते आणि मग कोणतीही जुळणी टिकत नाही. वाटी उघडल्यावर तळाशी पाणी, मिठाचा पांढरा थर किंवा पिवळसर राळ दिसेल. जेट द्रावणात भिजवून दाबाच्या हवेने साफ करावेत. तार घालण्याची सवय मात्र सोडावी. जेट पितळेचा असतो. तारेने छिद्र किंचित मोठे झाले तरी त्यावर कोरलेल्या क्रमांकाला अर्थ उरत नाही. रबर आणि प्लास्टिकचे भाग द्रावणात टाकू नयेत. झडपेच्या टोकावर कडे उमटलेले असेल तर ती बदलावी, गॅस्केट तर नवेच घालावे. फ्लोटची उंची कार्ब्युरेटर उलटा धरून मोजावी आणि त्या इंजिनाच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावी. अंदाज येथे चालत नाही.

इंधनाचा प्रश्न आता अधिक गंभीर झाला आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषते. प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. शिवाय एक किलो शुद्ध पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला अवघी ९. जेटचे छिद्र तेच राहिल्याने मिश्रण पातळ होते, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त पडते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल इंधनातूनच येते. इंधन कमी पोहोचले की तेलही कमी आणि उष्णता जास्त. पिस्टन जाम होण्याचा हा सरळ मार्ग आहे. म्हणून पातळ मिश्रणापेक्षा किंचित दाट मिश्रण बरे, धूर थोडा अधिक झाला तरी.

पेट्रोलवर सुरू करून केरोसिनवर चालवायच्या इंजिनांना आणखी एक शिस्त लागते. बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे, म्हणजे वाटीत केरोसिन उरत नाही आणि थंड इंजिन पुढच्या वेळी अडत नाही. ही गोष्ट केवळ दर्यावर्दींची नव्हे. आदिलाबादच्या बाजूला पैनगंगेकाठी शेताला पाणी देणारा मराठी शेतकरी असा पंपसंच वापरत असेल, तर त्यालाही हाच नियम लागू.

जुळणी पाण्यातच करावी. इंजिन कोरडे चालवले तर थंड पाणी खेचणारा रबरी पंखा काही क्षणांतच जळतो. होडी धक्क्याला पक्की बांधावी, इंजिन गरम होऊ द्यावे, गिअर पुढे टाकावा आणि मग स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवावा. गती सर्वांत स्थिर होईल तो बिंदू सापडला की मिश्रण थोडे दाट करून थांबावे. येथे एक सावधगिरी: काही इंजिनांत हा स्क्रू हवा आवरतो, काहींत इंधन. पहिल्यात आत फिरवल्यास मिश्रण दाट होते, दुसऱ्यात पातळ. ही खात्री न करता हात लावणारे मेकॅनिक कमी नाहीत. मंद गतीचा थांबा-स्क्रू शेवटी लावावा. काही वेळ चालवून प्लग काढून पाहावा: तांबूस-तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर मिश्रण पातळ, काळा आणि ओला असेल तर दाट.

यानंतरची पहिली फेरी खाडीतच, वल्ही सोबत ठेवून मारावी. मुखाबाहेर जाण्यापूर्वी निदान अर्धा तास इंजिन मंद गतीवर न अडखळता चालले पाहिजे.