पाणी कंपनीकडे दिलं, तर जोखीम कुणाकडे जाते?

नागरिकशास्त्रात आपण शिकवतो की पाणीपुरवठा हे पालिकेचं आवश्यक काम आहे. मग मुलांनी विचारलं, "छत्रपती संभाजीनगरात तर कंपनी पाणी देत होती ना?" तर काय सांगाल? आपल्या वणीसारख्या गावात पाइप फुटला की कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक असतं. मोठ्या शहरात तेवढं सोपं नसतं.

त्याला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात. धरणाचं पाणी आणि नळयोजना लोकांचीच राहते. बांधणं, चालवणं, बिल वसूल करणं कंपनीकडे जातं. पैसा आणि कौशल्य बाहेरून येईल ही आशा. कागदावर छान दिसतं.

औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) महापालिकेने २०११ मध्ये असा करार केला. जायकवाडीहून नवी जलवाहिनी, शहरात नवे पाइप, आणि पाणीपट्टीत दरवर्षी १० टक्के वाढ. सप्टेंबर २०१४ मध्ये पाणीपुरवठा कंपनीच्या ताब्यात गेला. पट्टीची वाढ कराराप्रमाणे होत राहिली, जलवाहिनी मात्र होईना. २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. पुढे नवी योजना आली ती १,६८० कोटींची, आणि तिचाही खर्च नंतर २,७४० कोटींवर गेला.

इथे नीट बघा. करार मोडला तरी तहान काही मोडत नाही. वाया गेलेली वर्षं आणि वाढलेला खर्च शेवटी शहराच्याच माथी येतो. म्हणून करार करताना खरा प्रश्न दराचा नसतोच मुळी. काम अर्धवट राहिलं तर काय, हे आधी विचारायला हवं.

दुसरी जोखीम पाण्याचीच. लातूरमध्येही नळयोजना खासगी कंपनीकडे दिली होती. लोकांचा विरोध झाला आणि तो प्रयोग टिकला नाही. पुढे २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं, आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धरणच कोरडं असेल, तर पालिका असो की कंपनी, नळाला काय सोडणार?

नागपूरचं उदाहरण वेगळं. तिथे २०१२ पासून २५ वर्षांचा करार आहे. भांडवलातला बहुतेक वाटा सरकारी योजनेतून आला आणि कंपनीला बिल झालेल्या पाण्याच्या युनिटमागे पैसे मिळतात. म्हणजे गळती कमी केली की तिचाच फायदा. ही अट मला शहाणपणाची वाटते. तक्रारी तिथेही आहेत, पण निदान गळती शोधायचं कारण कंपनीकडे आहे.

वर्गात हे घ्यायचं तर सोपा खेळ आहे. फळ्यावर तीन रकाने करा: पालिका, कंपनी, नागरिक. मग एकेक संकट सांगा: पाऊस कमी पडला, विजेचे दर वाढले, जुन्या पाइपचे नकाशेच सापडेनात, बँकेने कर्ज नाकारलं. भुर्दंड कुणाच्या रकान्यात लिहायचा, ते मुलांना ठरवू द्या. आणि प्रत्येक वेळी विचारा, ते संकट टाळणं त्या रकान्यातल्या माणसाच्या हातात होतं का?