'=' म्हणजे 'बरोबर' नव्हे

प्रोग्रामिंग शिकणारा नवखा माणूस सुरुवातीलाच एका ओळीपाशी अडखळतो: धावा = धावा + 1. गणितात हे अशक्य. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी नसते. मात्र ही ओळ समीकरण नाही, आज्ञा आहे.

इथे 'धावा' हे व्हेरिएबल (मूल्य साठवण्यासाठी नाव दिलेली जागा) आहे. संगणक आधी उजवी बाजू सोडवतो आणि आलेले उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवतो. याला असाइनमेंट (मूल्य नेमून देणे) म्हणतात.

गावातल्या सामन्याचा धावफलक आठवा. फळ्यावर 41 आहे. एक धाव निघते. फळ्याजवळचा मुलगा 41 वाचतो, त्यात एक मिळवतो, जुना आकडा पुसतो आणि 42 लिहितो. 41 आणि 42 समान आहेत, असे तो म्हणत नाही.

गोंधळाचे मूळ चिन्हात आहे. गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी 1557 मध्ये '=' समानतेसाठी वापरले; 1957 च्या फोरट्रान भाषेने तेच असाइनमेंटसाठी घेतले. पायथन, सी आणि जावा यांतही तोच प्रघात आहे. दोन मूल्ये समान आहेत का, हे विचारायचे असेल तर तिथे '==' लिहावे लागते.

म्हणून ही ओळ उजवीकडून वाचावी: 'धावांत एक मिळव आणि उत्तर धावांमध्ये ठेव.'