समुद्राला सातबारा नाही

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळच्या वेळी रापण लागलेली असली, तर ती जरूर पाहावी. समोर सिंधुदुर्ग किल्ला आणि वाळूवर माणसांच्या दोन रांगा. होडीतून समुद्रात अर्धगोल टाकलेल्या जाळ्याचे दोर दोन्हीकडून ओढायचे काम चाललेले असते. जाळे वर आले की मासळीचे वाटे पडतात. त्यात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्याचाही वाटा. कोणी कुठे जाळे टाकावे, याचे संकेत आपसांत ठरलेले असतात. ते कागदावर नाहीत. पण कोणी मोडून तर पाहावेत!

ह्याच पाण्यावर १३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या आसपासचा सुमारे ३ चौरस किलोमीटर भाग म्हणजे त्याचा गाभा. हेतू चांगलाच होता. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, माशांची पिले तिथे आसरा घेतात. पण मच्छीमारांनी विरोध केला, आणि अभयारण्य पुष्कळसे कागदावरच राहिले.

हा निव्वळ आडमुठेपणा, असे आपण म्हणाल. मला तसे वाटत नाही. आधार घेतला होता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा, आणि तो लिहिला गेला मुख्यतः जंगल डोळ्यांपुढे ठेवून. जमिनीवर कोणाचा काय हक्क, हे कलेक्टरसाहेब दप्तर काढून पाहू शकतात. समुद्राला सातबारा कुठला? पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्याने दाखवायचे तरी काय? स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचे हित आधी सांभाळावे आणि मगच सागरी अभयारण्याची हद्द आखावी, हे कलम कायद्यात आले ते १९९१ च्या दुरुस्तीने. म्हणजे मालवणनंतर चार वर्षांनी.

उलट, मच्छीमाराला पटेल असे काही पुढे केले, तर तो ऐकतो. २०११ नंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने इथे एक प्रकल्प झाला. त्यात ट्रॉलरच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचे एकेक घर, चौकोनी आणि ४० मिलिमीटरचे करून पाहिले. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ओढ बसली की मिटतो आणि बारीक पिलेही अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिले निसटून जातात. आज सुटलेले पिलू उद्या मोठे होऊन जाळ्यात येणार, हे ज्याचे पोट दर्यावर आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

खरे दुखणे आहे ते पर्ससीनचे. बांगड्या-तारलीचा अख्खा थवा बाहेरच वेढून उचलला, तर किनाऱ्याकडे येणार काय? ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने आपल्या हद्दीत ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबरपुरती ठेवली. पण राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत. पुढचे पाणी केंद्राचे. तिथे प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पण बंदी पाळली जाते की नाही, हे रात्री भर समुद्रात जाऊन पाहायचे तर गस्तीच्या नौका हव्यात, माणसे हवीत. रापणकराचा दोर किनाऱ्यापासून फार लांब पोचत नाही. तिकडे काय चालले आहे ते त्याला कळते दुसऱ्या दिवशी, जाळे हलके लागले म्हणजे.