कारागीर सोडून का जातो? पगारवाढीसोबत हेही बघा

"सर, माणूस शिकवून तयार केला की तो शेजारच्या गाळ्यात जातो." सातपूर-अंबडमध्ये नव्या उद्योजकांकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आज त्यावरच बोलू.

आधी हिशोब. समजा तुमच्या व्हीएमसी मशीनचा दर तासाला ३५० रुपये आहे. ऑपरेटर गेला आणि नवा मिळेपर्यंत मशीन १० दिवस, रोजचे ८ तास बंद राहिलं. गेले २८,००० रुपये! नव्या माणसाच्या हातून होणारं रिजेक्शन आणि उशिरा माल मिळाल्यामुळे चिडलेली पार्टी, हे वेगळंच. त्याच ऑपरेटरला महिन्याला १,५०० रुपये वाढवले असते, तर वर्षाचे झाले असते १८,०००.

पण पगार वाढवूनही लोक जातात, त्याचं काय?

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक साधी गोष्ट मांडली. नाराज माणसापुढे दोन वाटा असतात: बोलायचं किंवा निघून जायचं. बोलायची सोय असेल, तर निघून जाणं कमी होतं. अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या गारमेंट कारखान्यांत हे तपासलं. २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पगारवाढ झाली, पण अपेक्षेपेक्षा कमी. त्यानंतर लगेच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही कामगार निवडले आणि नाव न घेता त्यांचं मत विचारलं: काम कसं वाटतं, सुपरवायझर कसा आहे? ज्यांना विचारलं, त्यांच्यात नोकरी सोडणं आणि दांड्या मारणं दोन्ही कमी झालं. सर्वांत जास्त फरक पडला तो सर्वांत नाराज कामगारांमध्ये.

आता तुमच्याकडे माणसं सहा-आठ. नाव न घेता विचारलं तरी अक्षरावरून कळणारच! म्हणून असं करा:

१. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्याने बोला. सुपरवायझर समोर नको.
२. एकच प्रश्न विचारा: "कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मग गप्प बसून ऐका.
३. वहीत लिहा. आठ दिवसांत एक तरी गोष्ट करून दाखवा. पंखा दुरुस्त करणं असो, पगाराची तारीख पाळणं असो.
४. जे जमणार नाही, ते का जमणार नाही हे तोंडावर सांगा.
५. बोलला म्हणून कुणावर डूख धरू नका. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी सगळे "काही नाही, सर" म्हणतील.

एक मात्र लक्षात ठेवा. गोड बोलून पगार वाचवायची ही युक्ती नव्हे. किमान वेतन द्यायचंच. १० माणसं झाली की ईएसआय, २० झाली की पीएफ, हेही आलंच. ऐकून घेणं त्याच्यानंतर.

आजचा गृहपाठ: गेल्या वर्षी सोडून गेलेल्या एका माणसाला फोन लावा आणि शांतपणे विचारा, "का गेलास रे?" उत्तर पगाराचं असेलच असं नाही.