ज्ञानार्जन आणि अर्थार्जन

कला शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "पुढे काय करणार?" अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याला तो सहसा कोणी विचारत नाही, त्याच्या शिक्षणातच उत्तर गृहीत धरलेले असते. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांचा अभ्यास मनाला समृद्ध करतो हे सर्वांना मान्य असते, पण त्यावर घरची चूल पेटेल का, ही शंका मनातून जात नाही. ज्या घराला तीन-चार वर्षे कमावत्या हातावाचून काढणे परवडत नाही, तेथे शंकेचाच निर्णय होतो आणि विद्यार्थी कला शाखा, पुष्कळदा शिक्षणच, सोडून देतो. या कोंडीतून वाट काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न विसाव्या शतकात झाला. काही महिने विद्यापीठात अध्ययन, काही महिने बाहेर पगारी काम, पुन्हा अध्ययन आणि पुन्हा काम, अशी त्याची साधी रचना होती.

या पद्धतीचा आरंभ मात्र कला शाखेत झाला नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. यंत्राचे सर्व मर्म वर्गात शिकवता येत नाही आणि कारखान्यातील सगळी यंत्रे विद्यापीठाने विकत घेणेही शक्य नाही. तेव्हा विद्यार्थ्यालाच कारखान्यात का पाठवू नये, हा त्यांचा विचार होता. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या जात. जोडीतील एक जण वर्गात असे तेव्हा दुसरा कामावर असे, आणि ठरावीक काळाने दोघे जागा बदलत. त्यामुळे कारखान्यातील जागा कधी रिकामी राहत नसे. शिक्षणसंस्था आणि उद्योग यांच्या सहकार्यावर ही पद्धत उभी असल्याने तिला 'सहकारी शिक्षण' असे नाव मिळाले. महाराष्ट्रात 'सहकारी' म्हटले की साखर कारखाना किंवा पतपेढी डोळ्यांसमोर येते. त्या सहकाराशी या नावाचा काही संबंध नाही.

ही कल्पना कला शाखेपर्यंत नेली ती आर्थर मॉर्गन यांनी. मॉर्गन हे पूरनियंत्रणाचे काम करणारे नामांकित अभियंते होते. १९१३च्या महापुरानंतर ओहायो राज्यातील डेटन शहराच्या रक्षणासाठी जी धरणे बांधली गेली, त्यांचे ते प्रमुख होते. त्यांच्याजवळ कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नव्हती. जे शिकले ते कामातून आणि स्वतःच्या वाचनातून. अशा माणसाकडे १९२० साली अँटिऑक या लहानशा, आर्थिकदृष्ट्या डबघाईला आलेल्या महाविद्यालयाचे अध्यक्षपद आले. पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे नवी योजना लागू केली. साहित्य शिकणारा असो वा इतिहास, प्रत्येक विद्यार्थ्याने अध्ययन आणि नोकरी आलटून पालटून करावी, आणि नोकरीचा काळ हा पदवीचाच भाग मानावा, असा तेथील नियम झाला.

या नियमातील शेवटचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शिक्षणासाठी काम करणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा आणि शिका' हा विचार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजवला. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात, १९४७ पासून, शेतात राबून, इमारतींचे बांधकाम करून मुले शिकली. शेतकऱ्यांच्या किती पिढ्या त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचल्या, हे महाराष्ट्र जाणतो. त्या योजनेत श्रमाने स्वावलंबन दिले, प्रतिष्ठा दिली. अँटिऑकच्या योजनेत काम आणखी एका नात्याने आले : अभ्यासाचा विषय म्हणून. विद्यार्थ्याने शुल्कापुरते पैसे मिळवले, एवढ्यावर संस्थेची जबाबदारी संपत नव्हती. त्याला काम मिळवून देणे, तेथे तो काय शिकला हे विचारणे आणि त्याची नोंद ठेवणे, हेही तिचेच कर्तव्य ठरले.

आज ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाकडे पाहावे लागते. हे विद्यापीठ १९५७ साली स्थापन झाले तेच मुळी सहकारी शिक्षण डोळ्यांसमोर ठेवून. आरंभ अभियांत्रिकीपासून झाला. पुढे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही हा मार्ग खुला झाला. वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन भाग पडतात. एका भागात विद्यार्थी वर्गात बसतो, तर दुसऱ्या भागात सरकारी खात्यात, विमा कंपनीत, वस्तुसंग्रहालयात किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत पगारावर काम करतो. काम आयते हातात पडत नाही. विद्यापीठ उपलब्ध जागा जाहीर करते. विद्यार्थ्याने अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, नकारही पचवायचा. पदवी हाती येण्यापूर्वी अशा अनेक मुलाखती होऊन गेलेल्या असतात. कामाचा काळ संपला की काम देणारा त्याचे मूल्यमापन करतो. पदवीला मात्र वेळ अधिक लागतो; चार वर्षांचा अभ्यासक्रम साधारणपणे पाच वर्षांवर जातो.

कला शाखेचा विद्यार्थी अशा कामातून काय शिकतो? एक कल्पित उदाहरण घेऊ. इतिहासाची एक विद्यार्थिनी वस्तुसंग्रहालयात काम करते आहे. एका जुन्या तांब्याच्या भांड्याशेजारी लावायची पाटी लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. पाटीवर चाळीसच शब्द मावतात. परीक्षेत ती याच काळावर आठ पाने लिहून आलेली असते. आता तिला ठरवावे लागते की भांडे कोणत्या राजवटीतले हे आधी सांगायचे, की ते घडवणारा तांबट कोण होता हे? शाळेतली मुले ही पाटी वाचणार आणि वृद्ध पाहुणेही वाचणार. कालखंडाविषयी विद्वानांत मतभेद असतील, तर चाळीस शब्दांत ते कसे मांडायचे? पाटी तीन वेळा परत येते. चार महिन्यांनी ती वर्गात परतते तेव्हा पाठ्यपुस्तकातील प्रत्येक परिच्छेदाकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागते : हे लिहिणाऱ्याने काय गाळले असेल? इतिहासलेखनाचा हा मूलभूत प्रश्न आहे आणि तो तिला कामाने विचारायला लावला.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचेही असेच होते. वस्तीच्या सर्वेक्षणात "कुटुंबात माणसे किती?" हा सोपा वाटणारा प्रश्न दारोदार विचारताना त्याला कळते की, 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ दर दारी बदलतो.

या पद्धतीला विरोधही झाला, आणि तो हलक्या दर्जाचा नव्हता. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, विद्यापीठांनी धंदेशिक्षणाच्या मागे लागू नये, असे आग्रहाने मांडले. धंदा धंद्याच्या जागीच शिकता येतो. चिरंतन प्रश्नांचा विचार करण्याचा अवकाश मात्र विद्यापीठाबाहेर सहसा मिळत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. त्यात तथ्य आहे. नोकरीत जे लगेच उपयोगी पडते तेवढेच शिकावे, अशी सवय विद्यार्थ्याला लागली तर कला शाखेचा आत्माच हरवेल. तरीही हचिन्स ज्या विद्यार्थ्याविषयी बोलत होते, त्याला चार वर्षे पोटाची काळजी नसावी लागते. ज्याला ती आहे, तो काम करणारच. प्रश्न एवढाच उरतो की त्याचे काम आणि त्याचा अभ्यास एकमेकांकडे पाठ फिरवून उभे राहतील की समोरासमोर येतील.

खरी अडचण निराळीच आहे. वर्गाला चार भिंती असतात, कामाच्या जागेला समाज असतो. आणि समाजातील अन्याय विद्यार्थ्याबरोबर कामावर येतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट यांनी अँटिऑकमधून संगीत आणि शिक्षणशास्त्र या विषयांत १९५१ साली पदवी घेतली. शिक्षक होण्यासाठी अध्यापनाचा सराव आवश्यक होता. गावातील सार्वजनिक शाळांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकत, पण शिक्षक सारे गोरे होते. तेथे सराव करण्याची संधी त्यांना वर्णामुळे नाकारली गेली. त्यांनी महाविद्यालयाकडे दाद मागितली. प्रशासन त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही. अखेर महाविद्यालयाच्या स्वतःच्या शाळेत त्यांना सराव पूर्ण करावा लागला. विद्यार्थ्याला बाहेर पाठवणाऱ्या संस्थेने तेथे त्याची बाजू घ्यायची तयारी ठेवली नाही, तर योजना कागदावर कितीही सुंदर असो, ती दुर्बळाच्या उपयोगाची नसते.

वेतनाचा मुद्दाही याच जातीचा आहे. अनेक संस्था 'अनुभव' देतात, पगार देत नाहीत. बिनपगारी अनुभव घेणे ज्याला परवडते तोच तो घेतो, आणि पुढे त्या अनुभवाच्या बळावर नोकरीही त्यालाच मिळते. पगार असला की हे दार गरीब विद्यार्थ्यालाही उघडते. शिवाय पगार देणारा चहा आणण्याच्या कामावर विद्यार्थ्याला चार महिने बसवून ठेवत नाही. दिलेल्या पैशाचे काम तो मागतोच.

मॉर्गन यांचा भारताशीही संबंध आला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ साली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. ग्रामीण भागातील शिक्षण तेथील जीवनाशी आणि श्रमाशी जोडणारी ग्रामीण विद्यापीठे असावीत, या आयोगाच्या शिफारशीमागे त्यांचा विचार ठळकपणे दिसतो. पुढे त्या धर्तीवर काही ग्रामीण संस्था उभ्या राहिल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे मौनी विद्यापीठ ही त्यांपैकी एक. पण देशभरातील कला महाविद्यालयांचे वेळापत्रक त्यामुळे फारसे बदलले नाही.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा भारतात १९६१ पासून आहे, पण तो दीर्घकाळ प्रामुख्याने कारखान्यातील कारागीर आणि अभियंते यांच्यापुरताच होता. २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही त्यात स्थान मिळाले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. अशा कामाला आता श्रेयांक मिळू शकतात. बँका, दुकाने, पर्यटन, रुग्णालये यांच्याशी जोडलेले अभ्यासक्रम त्यातून आकाराला येत आहेत. इतिहास, मराठी किंवा तत्त्वज्ञान शिकणाऱ्यासाठी मात्र जागा कोठे आहेत? अभिलेखागारात कागदपत्रांची सूची करायला माणसे लागतात, न्यायालयांत आणि सरकारी कचेऱ्यांत भाषांतरकार लागतात, ग्रंथालयांत, आकाशवाणीत, प्रकाशनगृहांत हस्तलिखिते तपासणारे डोळे लागतात. काम आहे, त्याला सत्राचे वेळापत्रक, वेतन आणि विद्यार्थ्याची चौकशी करणारा प्राध्यापक जोडून देण्याचे काम प्रत्येक महाविद्यालयाने अजून हाती घ्यायचे आहे.